एक हजार रुपये : रस्त्यावरील बेदरकारीच्या दंडाचा इतिहास

#धागा #इतिहास #कायदा

१/
१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. नव्या संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणाऱ्यांसाठी आहे. शिक्षा अशी : सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
जुन्या संहितेत या कलमाचा क्रमांक २७९ होता. त्यातील शिक्षाही हीच : सहा महिने, किंवा एक हजार रुपये, किंवा दोन्ही. ते कलम १८६० सालचे आहे.
राज्य बदलले, घोडागाडीची जागा मोटारीने घेतली, कलमाचा क्रमांकही बदलला. आकडा तेवढा तसाच राहिला.

२/
नव्या संहितेत सगळेच आकडे जुने ठेवले आहेत, असे मात्र नाही. याच कलमाच्या शेजारी जहाज किंवा होडी बेदरकारपणे हाकण्याचे कलम आहे. तेथील हजार रुपयांचे दहा हजार झाले. हयगयीने एखाद्याला साधी दुखापत केल्यास पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, तो पाच हजारांपर्यंत गेला. गंभीर दुखापतीचा दंड हजारावरून दहा हजारांवर गेला.
ज्या कलमाचा उल्लेख देशातील जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत येतो, त्याचा दंड मात्र हजारच राहिला.
या धाग्यात त्या हजार रुपयांचा माग काढू. कायद्यात लिहिलेल्या रकमेचे कालांतराने काय होते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे त्यातून दिसते.

३/
प्रथम १८६० सालच्या हजार रुपयांची किंमत पाहू.
तेव्हाचा रुपया चांदीचा होता. वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हजार रुपये म्हणजे साडेअकरा किलोंहून अधिक वजनाची नाणी आणि त्यांत जवळपास पावणेअकरा किलो शुद्ध चांदी. एवढा दंड भरायचा तर थैली दोन्ही हातांनी उचलून कचेरीत न्यावी लागली असती.
अलीकडच्या भावाने तेवढ्या चांदीची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. आजच्या हजार रुपयांत मोटारीची पेट्रोलची टाकीही भरत नाही.

४/
दुसरे मोजमाप त्याच वर्षाचे आहे. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला त्यातून सूट होती.
म्हणजे वार्षिक दोनशे रुपये मिळवणारा माणूस सरकारच्या लेखी कर भरण्याइतका सुस्थितीत होता. अशा माणसाची पाच वर्षांची सगळी कमाई म्हणजे हजार रुपये. ज्या गाडीवानांना हे कलम प्रत्यक्षात लागू व्हायचे, त्यांच्यापैकी बहुतेकांचे उत्पन्न या रेषेच्या बरेच खाली असणार.

५/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. हजार रुपये ही कमाल मर्यादा होती. प्रत्येक टांगेवाल्याला एवढा दंड होत असे, असा याचा अर्थ नाही. मग मर्यादा इतकी उंच कशासाठी?
याचे उत्तर संहितेच्या मसुद्यात सापडते. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ साली मसुदा सादर केला आणि त्याला विस्तृत टिपणे जोडली. दंडासंबंधीच्या टिपणाचा आशय असा, की कारावास किंवा देहदंड गरीब-श्रीमंतांवर साधारण सारखाच पडतो, दंड मात्र तसा पडत नाही. जी रक्कम एकाला धुळीला मिळवते, ती दुसऱ्याच्या खिजगणतीतही नसते.

६/
म्हणून न्यायाधीशाला आरोपीची ऐपत पाहून दंड ठरवता यावा, अशी रचना करण्यात आली. अनेक कलमांत दंडाला मर्यादाच ठेवली नाही. संहितेच्या कलम ६३ नुसार, जेथे रक्कम नमूद नाही तेथे दंड अमर्याद असू शकतो, फक्त तो अवाजवी असता कामा नये.
जेथे मर्यादा घातली, तेथेही ती उंच होती. गाडीवानाला दोन रुपये आणि बग्गी उधळणाऱ्या साहेबाला पाचशे रुपये, असा फरक करण्याची मुभा हजाराच्या मर्यादेत होती. न्यायाधीशांनी ती किती वापरली, हा वेगळा प्रश्न. कायद्याने ती दिली होती, एवढे आपल्या विषयापुरते पुरे.

७/
कलम लिहिले गेले तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती. मुंबईत बग्ग्या, शिग्राम, बैलगाड्या, पालख्या आणि घोडेस्वार होते. भाड्याच्या वाहनांसाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली स्वतंत्र कायदा झाला. घोड्यांची ट्राम धावू लागली ती १८७४ मध्ये.
कलम २७९ मध्ये वाहन चालवण्याबरोबर ‘सवारी करणे’ याचाही उल्लेख आहे, तो घोडेस्वारासाठी. पण ‘वाहन’ हा शब्द लवचिक होता. त्यात बैलगाडी बसली, पुढे सायकल बसली, मोटार आणि मालमोटारही बसली. शब्द काळाबरोबर ताणता येतो, आकडा येत नाही.

८/
आता या संहितेतील एका मोठ्या त्रुटीकडे वळू. गाडीखाली माणूस मेला तर काय?
खून किंवा सदोष मनुष्यवध सिद्ध करायचा तर हेतू किंवा परिणामाची जाणीव दाखवावी लागते. गाडीवानाला कोणाला मारायचे नसते. मेकॉलेच्या मसुद्यात हयगयीने मृत्यू घडवण्याची स्वतंत्र तरतूद होती, पण १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा ती गळालेली होती.
परिणाम विचित्र होता. हयगयीने एखाद्याचा पाय मोडला तर कलम ३३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास. तोच माणूस मेला, तर त्या मृत्यूसाठी नेमके कलम नाही.

९/
ही त्रुटी १८७० च्या २७ व्या अधिनियमाने दूर केली. त्यावेळी व्हाइसरॉयच्या मंडळातील विधी सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. नवे कलम ३०४-अ असे : बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने, सदोष मनुष्यवध होणार नाही अशा रीतीने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही.
पाय मोडला तर दोन वर्षे, जीव गेला तरी दोन वर्षे. फरक एवढाच, की मृत्यूच्या कलमात दंडाला कमाल मर्यादा नव्हती.

१०/
याच १८७० च्या अधिनियमाने संहितेत आणखी एक कलम घातले. तेही मेकॉलेच्या मसुद्यात होते आणि तेही १८६० साली गळाले होते. त्याचा क्रमांक १२४-अ, म्हणजे राजद्रोह.
याच कलमाखाली १८९७ साली लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेला रवानगी झाली.
दोन्ही कलमे एकाच अधिनियमातून आली. सरकारविषयी अप्रीती निर्माण केल्यास कमाल शिक्षा जन्मठेप, काळे पाणी. रस्त्यावर माणूस चिरडल्यास कमाल दोन वर्षे. कोणता अपराध किती गंभीर मानला गेला, हे समजण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

११/
राजद्रोहाच्या कलमावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. त्याच्या जुळ्या भावंडाकडे मात्र इतिहासाचे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक सामान्य माणसाचा संबंध राजद्रोहापेक्षा ३०४-अ शी कितीतरी अधिक वेळा आला.
या कलमाचा अर्थ लावण्यात मुंबईचाही वाटा आहे. १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी सांगितले, की मृत्यू हा हयगयीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. ‘हे कृत्य घडले नसते तर मृत्यू झाला नसता’ एवढे पुरेसे नाही. साठच्या दशकात मुंबईतील रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी मान्य केली.

१२/
या कसोटीमागे आरोपीवर अन्याय होऊ नये ही रास्त भूमिका होती. पण रस्त्यावरील अपघातात तिचा व्यवहार कठीण ठरतो. साक्षीदार पांगतात, वाहन हलवले जाते, वेगाचा पुरावा उरत नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मालमोटारीच्या खटल्यात स्पष्ट केले, की ‘गाडी भरधाव होती’ एवढ्या साक्षीवरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, कारण ‘भरधाव’ ही सापेक्ष संज्ञा आहे.
आपल्याकडच्या पोलीस फिर्यादींत मात्र ‘हयगयीने व भरधाव वेगाने’ हे शब्द आजही शिक्क्यासारखे उमटतात.

१३/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी दिसू लागल्या. सुरुवातीला प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होते. १९१४ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार वाहन कायदा झाला.
तेव्हापासून दोन समांतर वाटा तयार झाल्या. परवाना, नोंदणी, दिवे, वेगमर्यादा यांसाठी मोटार कायदा आणि माणसाला इजा झाली तर दंड संहिता. मोटार कायदा पुढे पुन्हा पुन्हा लिहिला गेला. संहितेतील ती दोन कलमे घोडागाडीच्या काळात होती तशीच राहिली.

१४/
१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आजच्या चलानाचे बीज दिसते. किरकोळ गुन्ह्यात आरोपीने न्यायालयात न येता नोंदणीकृत टपालाने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवावी, अशी सोय त्यात होती. १९८८ च्या कायद्याने राज्य सरकारांना ‘तडजोडी’चा अधिकार दिला, म्हणजे ठरावीक शुल्क भरले की खटला होत नाही. चौकात पावती फाडली जाते ती याच अधिकाराखाली.
सोय मोठी होती, न्यायालयांवरचा भार कमी झाला. पण तडजोडीचे शुल्क सर्वांना एकच असते. ऐपत पाहून दंड करायचा तर समोर न्यायाधीश हवा आणि चौकात न्यायाधीश नसतो.

१५/
१९३९ च्याच कायद्याने दुसरी महत्त्वाची गोष्ट केली. अपघातात सापडलेल्या तिऱ्हाईताच्या नुकसानीसाठी वाहनाचा विमा सक्तीचा झाला. हे प्रकरण १९४६ पासून अंमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट खुली झाली.
कायद्याचा भर हळूहळू ‘चालकाला शिक्षा किती’ यावरून ‘कुटुंबाला रक्कम किती’ याकडे सरकला. पीडितांच्या दृष्टीने हा बदल मोलाचा होता, कारण चालक तुरुंगात गेल्याने विधवेच्या घरची चूल पेटत नाही. पण येथेही कायद्याने रकमा लिहिल्या आणि त्या रकमाही गोठल्या.

१६/
धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना काय मिळे?
१९८२ च्या दुरुस्तीने : ५,००० रुपये.
१९८८ च्या कायद्याने : ८,५०० रुपये.
१९९४ च्या दुरुस्तीने : २५,००० रुपये.
एप्रिल २०२२ पासून : २,००,००० रुपये.
१९९४ ते २०२२ या अठ्ठावीस वर्षांत देशात आर्थिक उदारीकरण स्थिरावले, पगार कितीतरी पट झाले, महामार्ग चौपदरी झाले. निनावी वाहनाखाली मेलेल्या माणसाची कायद्यातील रक्कम तेवढा सगळा काळ पंचवीस हजारच होती.

१७/
आता पुन्हा आपल्या हजार रुपयांकडे येऊ.
१९८८ साली संसदेने मोटार वाहन कायदा नव्याने लिहिला. त्यात धोकादायक वाहन चालवण्याचे कलम १८४ आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा काय ठरवली? सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड.
१८६० साली गव्हर्नर जनरलच्या विधान परिषदेने जो आकडा लिहिला, तोच १८८ नव्हे तर १२८ वर्षांनी स्वतंत्र भारताच्या संसदेने लिहिला. इतर सर्वसाधारण उल्लंघनांसाठी पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड ठरला. हे शंभर रुपयेही पुढे एकतीस वर्षे बदलले नाहीत.

१८/
ज्या ब्रिटिशांकडून आपण ही कलमे घेतली, त्यांनी स्वतःच्या देशात काय केले, हेही पाहू. तेथे चालकाच्या हातून मृत्यू घडला की मनुष्यवधाचा आरोप ठेवला जाई, पण ज्युरी चालकाला दोषी ठरवायला कचरत. म्हणून १९५६ साली त्यांनी धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला आणि कमाल शिक्षा पाच वर्षे ठेवली. ती वाढत वाढत २०२२ साली जन्मठेपेपर्यंत गेली.
भारतात ३०४-अ ची दोन वर्षे १८७० पासून २०२४ पर्यंत जशीच्या तशी होती. नव्या संहितेत कलम १०६ (१) खाली ती पाच वर्षे झाली, म्हणजे ब्रिटनने १९५६ साली जेथून सुरुवात केली तेथे.

१९/
कलम तोकडे पडले की न्यायालये आणि तपास यंत्रणा दुसरी वाट शोधतात. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यातील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या बांधकाम मजुरांवर मोटार चढली आणि सात जण मृत्युमुखी पडले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण सदोष मनुष्यवधाचे मानून तीन वर्षे दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.
मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, हा या निकालाचा गाभा. म्हणजे १८७० च्या कलमाला बाजूला ठेवून १८६० च्या दुसऱ्या कलमाचा आधार घ्यावा लागला.

२०/
२०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून नवे दंड लागू झाले. विनापरवाना वाहन चालवणे : ५०० वरून ५,०००. मद्यपान करून चालवणे : २,००० वरून १०,०००. हेल्मेट नसणे : १०० वरून १,०००. आणि कलम १८४ चा दंड किमान १,००० ते कमाल ५,००० झाला. १८६० ची कमाल मर्यादा १५९ वर्षांनी किमान मर्यादा झाली.
या दुरुस्तीतील कलम १९९-ब ची चर्चा फारशी झाली नाही. दरवर्षी १ एप्रिलला दंडाच्या रकमा दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकार ते केंद्राला देते. पैसा घसरतो आणि त्याबरोबर दंडही घसरतो, ही गोष्ट मोटार कायद्यात प्रथमच उघडपणे मान्य झाली.

२१/
पण एकतीस वर्षांची वाढ एका रात्रीत आली आणि लोक संतापले. गुजरातने काही दिवसांतच अनेक दंड कमी केले. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. अंमलबजावणी लांबली आणि सुधारित दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.
लोकांचा संताप निव्वळ बेशिस्तीतून आला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोजंदारीवर जाणाऱ्या दुचाकीस्वाराला हजार रुपये म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी. आलिशान मोटारीच्या मालकाला तेवढेच हजार म्हणजे काहीच नाही. मेकॉलेच्या टिपणातील प्रश्न १८२ वर्षांनी चौकाचौकात उभा राहिला.

२२/
यानंतरची घटना जानेवारी २०२४ ची. नव्या संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. मालमोटार आणि टँकरचालकांनी चाके थांबवली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.
चालकांचे म्हणणे सोपे होते : थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षे. सरकारशी चर्चा झाल्यावर संप मिटला आणि १ जुलै २०२४ रोजी उर्वरित संहिता लागू करताना हे उपकलम वगळण्यात आले.
१८६० चा गाडीवान आणि २०२४ चा ट्रकचालक यांत एक साम्य आहे. वाहन बहुधा दुसऱ्याचे असते, घाई मालाची असते आणि खटला चालकावर होतो.

२३/
चारच महिन्यांनी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर क्षोभ उसळला, पुढे तो आदेश बदलण्यात आला.
अल्पवयीनांचा कायदा वेगळा आहे आणि त्यामागचा सुधारणेचा विचार मोडीत काढण्याचे कारण नाही. पण लोकांच्या रागाचे मूळ निबंधाच्या अटीपेक्षा जुने होते. पैसेवाल्याला रस्त्यावरची शिक्षा जाणवतच नाही, हा अनेक पिढ्यांचा अनुभव त्या रात्री पुन्हा समोर आला.

२४/
ऐपतीनुसार दंड करणे शक्य आहे का? फिनलंडने १९२१ सालापासून ‘दिवसाच्या उत्पन्नावर आधारित दंड’ ही पद्धत स्वीकारली आहे. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवसांची संख्या ठरते आणि एका दिवसाची रक्कम माणसाच्या उत्पन्नावरून. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका संचालकाला ५० किलोमीटरच्या हद्दीत ताशी ७५ किलोमीटर वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाल्याची बातमी जगभर गाजली. उत्पन्न घटल्याचे दाखवल्यावर ती रक्कम पुढे बरीच कमी झाली. तेही त्या पद्धतीला धरूनच होते.
भारतात बहुसंख्यांच्या उत्पन्नाची नोंदच नसल्याने ही पद्धत जशीच्या तशी आणणे अवघड आहे. पण तिच्यामागचा विचार आपल्याला परका नाही. तो आपल्याच संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात होता.

२५/
थोडक्यात सांगायचे तर, १८६० च्या हजार रुपयांत दोन गुण होते. ती रक्कम श्रीमंतालाही जाणवण्याइतकी मोठी होती आणि तिच्या आत गरिबाला सौम्य दंड करण्यास पुरेशी जागा होती. रुपया घसरत गेला तसे हे दोन्ही गुण नाहीसे झाले. मर्यादा इतकी खाली आली, की ऐपत पाहून फरक करायला वावच उरला नाही.
कायदा बदलायला संसद लागते, वादविवाद होतात, वृत्तपत्रांत मथळे येतात. कायद्यातील आकडा मात्र कोणीही हात न लावता दरवर्षी थोडा थोडा बदलत असतो.

२६/
केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी सुमारे ४६२. यांतील प्रत्येक मृत्यूला दंडाची रक्कम जबाबदार आहे, असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यांची आखणी, चालकांचे कामाचे तास, परवाने देण्याची पद्धत, जखमीला मिळणारे उपचार, सगळ्याचा त्यात भाग आहे.
पण बेदरकारपणे वाहन चालवण्याचा मूळ गुन्हा ज्या कलमात आहे, त्यात आजही लिहिलेले आहे : एक हजार रुपयांपर्यंत. पुढच्या वेळी एखाद्या अपघाताच्या बातमीत ‘कलम २८१ अन्वये गुन्हा दाखल’ हे शब्द वाचाल, तेव्हा हा आकडा आठवा. तो एकेकाळी पावणेअकरा किलो चांदी होता.

धागा येथे संपतो. तपशिलात काही चूक आढळल्यास अवश्य निदर्शनास आणावी. उपयुक्त वाटल्यास वाहन चालवणाऱ्या मित्रांपर्यंत पोहोचवावा.